ब्लून्स टीडी ६ मित्रांबरोबर खेळायला सुरुवात करताना: पहिल्या राउंडपासून साठाव्यापर्यंत

ब्लून्स टीडी ६ एकट्याने खेळणारे भरपूर भेटतात. रस्त्यावरून फुगे येतात, कडेला माकडं बसवायची आणि फुगे शेवटच्या टोकाला पोचायच्या आत फोडायचे, हे कोणालाही पाच मिनिटांत कळतं. पण तीच माणसं भावंडांबरोबर किंवा मित्रांबरोबर कोऑप खेळायला बसली की चाळिसाव्या राउंडला गारद होतात आणि मग 'तू काय केलंस, मी काय केलं' सुरू होतं. जो नकाशा प्रत्येकाने एकट्याने सहज जिंकलेला असतो, तोच चौघांना मिळून जिंकता येत नाही.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पैसा चौघांत विभागला जातो, प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात तीच ती स्वस्त माकडं बसवतो आणि महागडं, खरं कामाचं अपग्रेड कोणाकडेच होत नाही. लग्नाच्या पंगतीत सगळेच वाढायला उभे राहिले आणि भटारखान्यात कोणीच नाही, अशी गत होते. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. नवीन खेळाडूंनी दोघांची जोडी करावी, मिडियम अवघडपणा घ्यावा आणि साठ राउंड पार करावेत, एवढं डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

१. आधी काय काय लागेल

हा खेळ न्यूझीलंडच्या निंजा किवी कंपनीचा. जून २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि त्याच वर्षअखेरीला संगणकावर, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात. आधीच्या ब्लून्स टीडी ५ चा हा पुढचा भाग, पण आधीचा खेळला नसेल तरी काही अडत नाही.

सुरू करण्याआधी एवढं हाताशी असू द्या:

- प्रत्येकाकडे खेळाची स्वतःची प्रत. अँड्रॉइड, आयफोन किंवा स्टीम, काहीही चालेल. फोनवाला आणि लॅपटॉपवाला एकत्र खेळू शकतात.
- सगळ्यांकडे ताजं अपडेट. एकाचं जुनं राहिलं असेल तर रूममध्ये शिरताच येत नाही, आणि लोक उगाच वायफायला दोष देत बसतात.
- निंजा किवीचं खातं. फोन बदलला तरी प्रगती शाबूत राहते.
- बोलायला दुसरी सोय. खेळात लिहून बोलता येत नाही, फक्त इमोट, म्हणजे तयार चित्रखुणा, पाठवता येतात. व्हॉट्सॲप कॉल किंवा डिस्कॉर्ड लावा, खेळाचा आवाज कमी करा.
- अर्धा ते पाऊण तास सलग वेळ आणि चार्ज केलेला फोन.

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एकट्याचा खेळ मध्येच सोडला तर तो जपून ठेवलेला असतो, संध्याकाळी तिथूनच पुढे नेता येतो. कोऑपमध्ये तसं नाही. एकट्याच्या खेळासारखा निवांत पॉजही मिळत नाही. जेवायला हाक येणार असेल तर जेवून मगच बसा.

एक गोष्ट मात्र टाळा. फुकटात सगळं उघडून देणारं मॉड केलेलं एपीके (खेळाची फेरफार केलेली फाइल) कोणी पाठवलं तर घेऊ नका. खात्यावर शिक्का बसू शकतो, शिवाय फोनमध्ये काय शिरेल सांगता येत नाही. खेळ विकत घेतल्यावर पुढे एकही रुपया न घालता सगळं खेळता येतं. घरातली लहान मुलं खेळणार असतील तर फोनवरच्या खरेदीला पासवर्ड लावून ठेवा, कारण आतमध्ये मंकी मनी हे खेळातलं चलन विकत घ्यायचं दुकान आहेच.

२. थोडे दिवस एकट्याने खेळा

कोऑपचं बटण नव्या खात्यावर लगेच उघडत नाही, पातळी वाढावी लागते. ही सक्ती चांगलीच आहे. मंकी मेडो हा पहिला नकाशा ईझीवर खेळा, मग मिडियमवर. या काळात अनुभव मिळतो आणि त्यावर एकेका माकडाची अपग्रेड खुली होतात. अपग्रेड खुली नसतील तर कोऑपमध्ये कितीही पैसे असले तरी ती घेता येत नाहीत. मित्र पैसे पाठवतो आणि समोर कुलूप दिसतं, तेव्हा फार चुटपुट लागते. म्हणून निदान निंजा मंकी, बॉम्ब शूटर आणि अल्केमिस्ट या तिघांची अपग्रेड आधी उघडून घ्या. का, ते पुढे येईलच.

३. फुगे ओळखायला शिका

ही पायरी लोक गाळतात आणि नेमकी हीच गाळू नये.

लाल फुगा एका टोचणीत फुटतो. निळ्याच्या आत लाल, हिरव्याच्या आत निळा, पिवळ्याच्या आत हिरवा, गुलाबीच्या आत पिवळा. इथवर सरळ आहे. त्यापुढे खोड्या सुरू होतात.

काळ्या फुग्यावर स्फोटाचा परिणाम होत नाही. पांढरा गोठत नाही. झेब्रा म्हणजे दोन्ही एकत्र. जांभळ्यावर आग, ऊर्जा आणि जादूचे झोत चालत नाहीत, त्यामुळे विझार्डवर, म्हणजे जादूगार माकडावर, भिस्त ठेवलेल्यांची पंचविसाव्या राउंडपासून तारांबळ उडते. लेड म्हणजे शिशाचा फुगा: अणकुचीदार काहीही त्याला लागत नाही. डार्ट, शुरिकेन (निंजाची फेकायची धारदार चक्रं), टॅक (खिळे), सगळं वाया. सिरॅमिकला वरचा थर फोडायलाच दहा फटके लागतात आणि आतून दोन इंद्रधनुषी फुगे निघतात.

याशिवाय तीन गुण असे आहेत की ते वेगवेगळ्या फुग्यांना चिकटून येतात. कॅमो फुगा ठरावीक माकडांनाच दिसतो. रीग्रो फुगा पुरेसा पटकन फोडला नाही तर पुन्हा वाढतो. फोर्टिफाइड म्हणजे चिलखत घातलेला.

आणि मग मोठी वायुजहाजं, म्हणजे ब्लिंप. मोॲबला २०० फटके लागतात आणि त्यातून चार सिरॅमिक बाहेर पडतात. बीएफबीला ७०० आणि त्यातून चार मोॲब. झॉमजीला ४,००० आणि त्यातून चार बीएफबी. पुढे डीडीटी आणि बॅडही आहेत, पण साठ राउंडांत त्यांची गाठ पडत नाही.

हिशोब असा करा. मिडियमवर सगळ्या गटाचे मिळून १५० प्राण असतात. फुगा टोकाला पोचला की त्याच्या आतले सगळे थर मोजून तेवढे प्राण जातात. एका सिरॅमिकचे १०४ होतात. न फुटलेल्या मोॲबचे ६१६. म्हणजे एक मोॲब सुटला की खेळ तिथेच संपला, कोणाच्या वाट्याच्या रस्त्यावरून सुटला याला काही अर्थ उरत नाही.

४. अपग्रेडचे आकडे वाचायला शिका

प्रत्येक माकडाला वरचा, मधला आणि खालचा असे तीन मार्ग, आणि प्रत्येक मार्गावर पाच पायऱ्या. नियम असा की एकच मार्ग दोनच्या पुढे नेता येतो, दुसरा दोनपर्यंतच जातो आणि तिसऱ्याला हात लावता येत नाही. खेळाडू हे आकड्यांत बोलतात. 'फोर झिरो टूची निंजा' म्हणजे वरच्या मार्गावर चार, मधल्यावर शून्य, खालच्यावर दोन. कॉलवर बोलताना हीच भाषा वापरा. 'ती ती वाली घे, दोन फेकणारी' असं सांगत बसलात तर तोवर राउंड निघून जातो.

पाचवी पायरी ज्या त्या मार्गाची नकाशावर एकच असते. म्हणून दोघं एकाच पाचव्या पायरीसाठी पैसे साठवत नाहीत ना, हे आधी विचारून घ्या. साठ राउंडांत पाचव्या पायरीची गरज तशीही पडत नाही.

माकड विकलं तर घातलेल्या पैशांतले ७० टक्के परत मिळतात. म्हणजे 'बसवून बघू, नाहीतर विकू' हा प्रयोग दर वेळी ३० टक्क्यांना पडतो.

५. रूम उघडा

कोऑपमध्ये दोन ते चार जण खेळू शकतात. अनोळखी लोकांबरोबर झटपट जुळणीही होते, पण सुरुवातीला ती नको. एकाने खासगी रूम उघडावी, मिळालेला कोड इतरांना पाठवावा आणि सगळे जमेपर्यंत सुरू करू नये.

नकाशा मंकी मेडोच घ्या. रस्ता लांब आहे, वळणं आहेत, मधे नजर अडवणारं काही नाही. बऱ्याच नकाशांवर कोऑपमध्ये जमीन खेळाडूंत वाटलेली असते आणि तुमच्या तुकड्याबाहेर तुम्हाला काही ठेवता येत नाही. त्यामुळे सुरू करण्याआधी नीट बघून घ्या की वळणं कोणाच्या वाट्याला आली आहेत आणि रस्त्याचं शेवटचं टोक कोणाकडे आहे. कामाची वाटणी यावरच करायची आहे. दुसऱ्याच्या माकडाला तुम्ही अपग्रेड करू शकत नाही किंवा विकूही शकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रत्येकाला आपला एक हीरो, म्हणजे स्वतःचं नाव असलेलं खास पात्र, बसवता येतो. हीरो आपोआप पातळ्या चढत विसाव्यापर्यंत जातो, म्हणून लवकर बसवलेला बरा. क्विन्सी सगळ्यांकडे असतो आणि नवशिक्याला तो पुरतो. पाचव्या पातळीपासून त्याला कॅमो दिसतात. दुसऱ्याकडे ग्वेंडोलिन असेल तर उत्तम, तिच्या आगीपुढे लेड टिकत नाही. बेंजामिन स्वतः एकही फुगा फोडत नाही, तो पैसे आणतो. दोघांनी बेंजामिन घेतला तर पहिले राउंड कोण सांभाळणार?

६. पैशाचं गणित

एकट्याने मिडियम खेळताना सुरुवातीला ६५० डॉलर मिळतात आणि साधी डार्ट मंकी २०० ला येते. म्हणजे तीन डार्ट, किंवा एक डार्ट आणि थोडं थांबून हीरो. किमती अपडेटनुसार थोड्या हलतात, पण अंदाज हाच. कोऑपमध्ये सुरुवातीची रक्कम वाटली जाते, आणि पुढे फुटणाऱ्या प्रत्येक फुग्याचा पैसाही सारखा वाटला जातो. फुगा कोणाच्याही माकडाने फोडू दे, वाटा सगळ्यांना मिळतो.

याचे दोन परिणाम. पहिला चांगला: जास्त फुगे कोण फोडतो यावरून भांडायचं काही कारण नाही. काही लोकांना आपल्या माकडाचा आकडा मोठा दिसावा म्हणून ते रस्त्याच्या तोंडाशीच बसवायचं असतं. सोडून द्या, एका पैशाचा फरक पडत नाही.

दुसरा परिणाम जरा अवघड. चौघांत मिळून पैसा तेवढाच येतो जेवढा एकट्याला आला असता. समजा एखादं अपग्रेड दोन हजारांचं आहे. एकटा असताना तुम्ही ते जिथे घेतलं असतं, तिथे चौघांपैकी प्रत्येकाकडे पाचशे जमलेले असतात. पाचशेत चांगलं अपग्रेड येत नाही, दोन डार्ट मात्र येतात. हात शिवशिवतो आणि डार्ट बसतात. असं दहा राउंड चाललं की जमिनीवर पंधरा-वीस माकडं दिसतात, स्क्रीन भरल्यासारखी वाटते आणि मोॲब त्यांच्यामधून आरामात चालत जातो.

उपाय खेळातच दिला आहे. एक खेळाडू दुसऱ्याला पैसे पाठवू शकतो. हे बटण शोधून ठेवा आणि लाज न बाळगता वापरा. मी तर म्हणेन, दर राउंडच्या शेवटी कॉलवर एकच प्रश्न विचारायचा: 'आता पुढचं मोठं कोणाचं?' ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे सगळ्यांनी पाठवायचं. पुढच्या वेळी दुसऱ्याचं नाव. आपला पैसा दुसऱ्याच्या माकडावर गेला तरी प्राण आपलेही वाचतात, हे एकदा पटलं की खेळाचा नूरच बदलतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पन्नासाव्या राउंडपर्यंत प्रत्येक थराचा पूर्ण पैसा मिळतो. ५१ ते ६० मध्ये तो निम्म्यावर येतो. ६१ पासून ८५ पर्यंत फक्त २० टक्के. म्हणजे मोठी खरेदी पन्नासच्या आत व्हायला हवी, 'पुढे भरपूर येतील' ही आशा ठेवू नका.

बनाना फार्म, म्हणजे पैसे पिकवणारी केळीची बाग, याबद्दल सारखं विचारलं जातं. दोघांच्या जोडीत मिडियमला फार्म लागत नाही. चौघं असाल आणि त्यातला एक जण शांत डोक्याचा असेल, तर त्याने एकट्याने फार्म सांभाळावेत आणि येणारे पैसे वाटत राहावं. दोघांनी किंवा तिघांनी सुरुवातीलाच फार्म घेतले तर बचावाला माणूस उरत नाही.

७. कामाची वाटणी

दोन खेळाडू धरू: पहिला आणि दुसरा. वळणांजवळची जमीन ज्याच्याकडे आहे तो पहिला.

पहिल्याकडे रोजचा मारा आणि कॅमो. त्याने एका डार्टने सुरुवात करावी, मग हीरो आणि त्यानंतर निंजा मंकी. निंजाला कोणतंही अपग्रेड न घेता कॅमो दिसतात, हा तिचा मोठा गुण. ती वळणाच्या आतल्या बाजूला बसवा, म्हणजे तिच्या वर्तुळात (तिचा मारा पोचतो तेवढ्या भागात) रस्ता दोनदा येतो. तिला हळूहळू ४-०-२ पर्यंत न्यायचं आहे. चौथ्या पायरीवर ती एकदम पाच शुरिकेन फेकते, आणि खालच्या मार्गाच्या पहिल्या पायरीमुळे ती फुग्यांचा पाठलाग करतात.

दुसऱ्याकडे लेड, मोॲब आणि शेवटची राखण. त्याने सुरुवातीला एक डार्ट, मग बॉम्ब शूटर. बॉम्बला साधा असतानाही लेड फोडता येतो. काळे आणि झेब्रा त्याच्या हातून सुटतील, पण ते निंजाचं काम आहे. पुढे बॉम्बला मधल्या मार्गावर तिसऱ्या पायरीला न्या, तिथे तो मोॲबवर जबर मारा करतो. त्याचं लक्ष्य 'फर्स्ट' (सर्वांत पुढचा फुगा) वरून 'स्ट्राँग' (सर्वांत दणकट फुगा) वर करा. हे छोटं बटण माकडावर टॅप केल्यावर दिसतं आणि नवखे त्याला कधी हातच लावत नाहीत.

आता या जोडीतली खरी गंमत: अल्केमिस्ट. तो स्वतः ॲसिड फेकतो, त्यामुळे लेडही फोडतो, पण त्याची खरी किंमत त्याच्या काढ्यात आहे. वरच्या मार्गावर दुसऱ्या पायरीला तो शेजारच्या माकडांची शस्त्रं ॲसिडमध्ये बुडवून देतो, मग त्या माकडांनाही लेड फोडता येतो. तिसऱ्या पायरीपासून तो असा काढा पाजतो की पिणाऱ्याचा मारा आणि वेग दोन्ही वाढतात. हा काढा मित्राच्या माकडालाही लागू पडतो. म्हणून अल्केमिस्ट दुसऱ्याने घ्यावा आणि दोघांच्या जमिनीच्या सीमेवर, पहिल्याच्या निंजाला खेटून बसवावा.

इथे एक बारकावा आहे. अल्केमिस्ट बाटली फेकताना हे माकड महत्त्वाचं की ते, असा विचार करत नाही. त्याच्या वर्तुळात निंजाबरोबर पहिल्या राउंडच्या चार डार्ट असतील, तर बाटल्या त्यांनाही जातात आणि निंजा बराच वेळ कोरडी राहते. निंजाच्या डोक्यावर काढ्याचा परिणाम दिसतोय का ते अधूनमधून बघा. दिसत नसेल तर आजूबाजूच्या डार्ट विकून टाका. ७० टक्के परत येतातच.

रस्त्याच्या शेवटाजवळ ज्याची जमीन असेल त्याने चाळिसाव्या राउंडनंतर एक स्पाइक फॅक्टरी ठेवावी. ती रस्त्यावर काटे टाकत राहते, काट्यांना कॅमोही सुटत नाहीत, आणि वरच्या मार्गाच्या दुसऱ्या पायरीला लेडही फुटतो. चार-पाच सुटलेले फुगे इथे अडले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

तिसरा खेळाडू असेल तर त्याला मंकी व्हिलेज द्या. मधल्या मार्गाच्या दुसऱ्या पायरीचं व्हिलेज आपल्या वर्तुळातल्या सगळ्या माकडांना कॅमो दाखवतं, मित्रांच्यासुद्धा. चौथ्याने स्नायपर घ्यावा. त्याला कुठेही बसवा, सगळा नकाशा त्याच्या टप्प्यात असतो, त्यामुळे ज्याच्या वाट्याला अगदीच निरुपयोगी जमीन आली आहे त्याच्यासाठी तो योग्य.

८. कोणत्या राउंडला काय तयार हवं

पहिले वीस राउंड जवळजवळ आपोआप जातात. याच काळात विनाकारण खर्च होतो, तेव्हा हात आवरा. प्राण जात नसतील तर खर्च करू नका.

राउंड २४: पहिला कॅमो येतो. हिरवा, एकच. दोघांच्या सगळ्या माकडांसमोरून तो डुलत जातो, कोणी वळूनही बघत नाही, आणि दोघंही कॉलवर म्हणतात, 'अरे, मला वाटलं तुझ्याकडे आहे!' तीनच प्राण जातात, म्हणून लोक हसून सोडून देतात. पण ३३ व्या राउंडला कॅमोंची रांग येते. २४ ला एक सुटला तर त्याच क्षणी निंजा घ्या.

राउंड २८: सहा लेड. बॉम्ब बसलेला हवा. नसेल तर प्रत्येक लेडमागे २३ प्राण जातात. सहा सुटले तर १३८. म्हणजे १५० पैकी उरले बारा.

राउंड ४०: पहिला मोॲब. निंजा निदान तिसऱ्या पायरीवर, बॉम्बही तिसऱ्या पायरीवर आणि अल्केमिस्ट जागेवर असेल तर तो अर्ध्या रस्त्यातच फुटतो. मोॲब फुटल्यावर श्वास सोडू नका, आतले चार सिरॅमिक लगेच पुढे सटकतात आणि खरं नुकसान तेच करतात.

४० ते ५० हा खरेदीचा हंगाम. निंजाची चौथी पायरी याच काळात झाली पाहिजे, सगळ्यांनी तिच्यासाठी पैसे पाठवावेत. मग अल्केमिस्टची चौथी.

राउंड ५९ ला कॅमो लेड येतात. निंजाला ते दिसतात, पण तिचे शुरिकेन लेडवर आपटून पडतात. बॉम्ब त्यांना फोडू शकतो, पण त्याला ते दिसत नाहीत. वाटणी केलेल्या जोडीची हीच सर्वांत कच्ची बाजू. अल्केमिस्ट निंजाला खेटून असेल तर ॲसिडमुळे तिलाच लेड फोडता येतो आणि प्रश्न मिटतो. नसेल तर स्पाइक फॅक्टरीवर सगळी मदार.

राउंड ६०: एक बीएफबी. बॉम्बच्या मधल्या मार्गाची चौथी पायरी घेतली असेल तर स्क्रीनच्या कडेला तिचं खास बटण दिसतं. ते आपोआप दाबलं जात नाही. बीएफबी आत शिरला की दाबा, आणि पुन्हा भरलं की पुन्हा दाबा.

९. नेहमीच्या चुका

कोणी रागावून रूम सोडून जाणं हा सगळ्यात मोठा तोटा. राहिलेल्यांचा बेतच मोडतो. लहान भावंडांबरोबर खेळत असाल तर त्यांना हीरो आणि खास बटणं सांभाळायला द्या. त्यात करण्यासारखं सतत काहीतरी असतं, आणि ती कंटाळत नाहीत. मोठ्या ताई-दादांनी सारखं 'हे विक, ते घे' करू नये. आधी वाटणी ठरली असेल तर तशी वेळच येत नाही.

सुपर मंकीच्या मागे लागू नका. तो २,५०० ला येतो, दिसायला रुबाबदार आहे, पण अपग्रेडशिवाय त्याला ना कॅमो दिसतो ना लेड फुटतो, आणि पुढची अपग्रेड फार महाग. साठ राउंडांत तेवढ्या पैशात दुसरं बरंच काही होतं.

सब आणि जहाजं पाण्यातच बसतात. नकाशा निवडताना पाणी कोणाच्या वाट्याला येतं ते पाहा.

राउंड आपोआप सुरू होण्याची सोय पहिल्या काही खेळांत बंद ठेवा. दोन राउंडांच्या मधली उसंत म्हणजेच पैसे पाठवायची आणि बोलायची वेळ. वेगाचं बटणही चाळीसनंतर जपून वापरा, नाहीतर 'पैसे पाठव' म्हणेपर्यंत फुगे टोकाला पोचलेले असतात. जुन्या फोनवर शेवटचे राउंड अडखळतात, म्हणून मागे उघडी असलेली बाकीची ॲप्स आधीच बंद करा.

१०. साठ पार झाल्यावर

तोच नकाशा, तीच जोडी आणि हार्ड अवघडपणा घ्या. तिथे किमती जास्त, प्राण १०० आणि राउंड ३ पासून ८० पर्यंत. शेवटी एक झॉमजी येतो, पण हार्डवर जोड्या हरतात त्या बहुतेक ६३ व्या राउंडला. त्यात सिरॅमिकचे तीन दाट घोळके एकामागोमाग येतात आणि मोॲबसाठी जमवलेला एकेका फुग्यावरचा मारा तिथे अपुरा पडतो. एकाच वेळी अनेकांना लागणारं काहीतरी हवं: टॅक शूटरची वरच्या मार्गावरची चौथी पायरी, किंवा बॉम्बची खालच्या मार्गावरची. दोन्हीपैकी काय घ्यायचं, कोणाच्या जमिनीत बसवायचं आणि पैसे कोण पाठवणार हे पन्नासाव्या राउंडलाच ठरवून टाका. असाच दाट लोंढा ७८ ला पुन्हा येतो, त्यामुळे तिथवर पोचलात तर ते माकड झॉमजीच्या नादात विकू नका.